परस्परभाजन: एका प्रक्रियेची तीन वाङ्मये

शालेय गणितातील काही शब्द असे असतात की ते उच्चारताना त्यांचा विग्रह करण्याचे भान कोणालाच राहत नाही. 'मसावि' हा त्यांपैकी एक. महत्तम साधारण विभाजक या तीन पदांची आद्याक्षरे जोडून तो घडला आणि पुढे एखाद्या देशी शब्दासारखा रुळला. आज त्याचा विग्रह करून पाहिला तरी अर्थ चटकन उलगडत नाही. कारण मधले पद दगा देते. 'साधारण' म्हणजे दोघांत समान असलेला, हा संस्कृतातील अर्थ मराठी बोलण्यातून मागे पडला आहे. 'साधारण दोन तास लागतील' किंवा 'लेखन साधारणच आहे' या वाक्यांतला 'साधारण' तेवढा आपल्याला ठाऊक असतो. दोन संख्यांना निःशेष भागणाऱ्या संख्यांतली सर्वांत मोठी ती मसावि, एवढी व्याख्या पाठ होते. ही संख्या कोणाला, कशासाठी आणि कोणत्या वाङ्मयप्रकारात प्रथम शोधावीशी वाटली, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न गणितज्ञांच्या नव्हे, तर वाङ्मयाच्या वाचकांच्या बाजूने विचारणार आहोत. मसावि काढण्याची जी भागाकार पद्धत शाळेत शिकवली जाते, ती प्राचीन ग्रीक, चिनी आणि संस्कृत अशा तीन ग्रंथपरंपरांत आढळते. प्रक्रिया एकच आहे: मोठ्या संख्येतून लहान संख्या जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा काढावी, उरलेल्या बाकीने लहान संख्येला भागावे, नव्या बाकीने जुन्या बाकीला भागावे, आणि भाग निःशेष जाईपर्यंत हे चालू ठेवावे. अखेरचा भाजक हा मसावि. मात्र या एकाच प्रक्रियेचे लेखन तिन्ही ठिकाणी इतके वेगळे आहे की प्रत्येकाने ती निराळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडली आहे.

१

काळाच्या दृष्टीने पहिला ग्रंथ यूक्लिडचा. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात रचलेल्या त्याच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या सातव्या खंडात पहिल्या दोन विधानांत ही प्रक्रिया येते. यूक्लिड 'भागणे' हा शब्द वापरत नाही. त्याचा शब्द 'मापणे' असा आहे. त्याच्या लेखी संख्या म्हणजे रेषाखंड. लहान रेषाखंड मोठ्याला काही वेळा लावून पाहायचा, जो तुकडा उरेल तो लहान्याला लावायचा, असे करत अखेरीस दोघांनाही नेमका मापणारा सर्वांत मोठा तुकडा हाती येतो. त्याला तो सर्वांत मोठे समान माप म्हणतो. प्रक्रिया का चालते, याचे त्याचे उत्तर अजूनही पुरेसे आहे: जे माप दोन्ही राशींना मापते, ते त्यांच्या वजाबाकीलाही मापलेच पाहिजे, त्यामुळे हाती आलेल्या मापाहून मोठे एखादे समान माप असेल असे गृहीत धरले, तर मोठ्याने लहानाला मापावे लागेल, आणि हे अशक्य आहे.

वाङ्मयाच्या वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज जे एका विधानात मावते, त्यासाठी यूक्लिडला दोन विधाने का लागली? पहिल्या विधानात तो म्हणतो की अखेरीस एकक उरले तर त्या संख्या परस्परांशी मूळ आहेत. आपली पाठ्यपुस्तके अशांना सहमूळ संख्या म्हणतात. दुसऱ्या विधानात तो परस्परमूळ नसलेल्या संख्यांचे माप काढतो. दोन्हीकडे कृती तीच आहे. ही फाळणी होण्याचे कारण व्याख्येत दडलेले आहे. त्याच खंडाच्या आरंभी संख्येची व्याख्या 'एककांचा समूह' अशी केली आहे. एक म्हणजे समूह नव्हे, म्हणून एक ही संख्याच नव्हे. मग अखेरीस एक उरला, तर 'समान माप असणारी संख्या' सापडली असे त्याला म्हणता येत नाही. एका व्याख्येतील एका शब्दाने सिद्धान्ताचे दोन तुकडे केले. शब्दाची निवड विचाराचा आकार ठरवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण काव्यशास्त्रातही क्वचित सापडेल.

यूक्लिड हीच कृती दहाव्या खंडात पुन्हा वापरतो. तेथे मात्र संख्यांऐवजी कोणत्याही राशी आहेत. ज्या दोन राशींवर ही वजाबाकी कधीच संपत नाही, त्यांना समान माप नाही, असे तो सांगतो. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचे नाते असे आहे. म्हणजे ग्रीकांच्या हाती ही प्रक्रिया कसोटी झाली. मसाविची किंमत काय हा प्रश्न त्यांच्यासाठी दुय्यम होता. माप आहे की नाही, हा मुख्य.

२

चिनी 'नऊ प्रकरणांचा गणितग्रंथ' हा पहिल्या शतकाच्या आगेमागे आजच्या रूपाला आला असे मानतात. त्याचे पहिलेच प्रकरण शेतांच्या क्षेत्रफळाचे आहे, आणि त्यात अपूर्णांकाला संक्षेप देण्याचा नियम येतो. अंश आणि छेद यांची निमपट करता येत असेल तर करावी; न आल्यास दोन्ही मांडून मोठ्यातून लहान वजा करत जावे, दोन्ही समान होईपर्यंत. जी समान संख्या येईल तिने दोघांना भागावे. ग्रंथातले उदाहरण ९१ छेद आणि ४९ अंश असे आहे. ९१ मधून ४९ गेले, उरले ४२. ४९ मधून ४२ गेले, उरले ७. मग ४२ मधून सात-सात वजा करत गेले की अखेरीस दोन्हीकडे ७ उरतात. उत्तर सात तेरांश.

येथे सिद्धता नाही. प्रश्न, उत्तर आणि नियम असा या ग्रंथाचा साचा आहे. नियमाचे स्पष्टीकरण इ.स. २६३ मध्ये ल्यू ह्वेइने लिहिलेल्या टीकेत येते. शेत मोजणाऱ्या कारकुनाला जे लागते ते ग्रंथात आहे आणि जे विचारणाऱ्याला लागते ते टीकेत. मूळ आणि टीका यांची ही श्रमविभागणी संस्कृत वाङ्मयाच्या वाचकाला परकी वाटणार नाही.

३

संस्कृतात ही प्रक्रिया अवतरते ती आर्यभटाच्या 'आर्यभटीया'त. ग्रंथाचा काळ इ.स. ४९९. त्याच्या गणितपादात ३३ आर्या आहेत आणि शेवटच्या दोन आर्यांत परस्परभाजनाची कृती सांगितली आहे. पण येथे आर्यभट मसावि शोधत नाही. त्याचा प्रश्न असा आहे: एका संख्येला एका भाजकाने भागले असता अमुक बाकी राहते, दुसऱ्याने भागले असता तमुक, तर ती संख्या कोणती? हा प्रश्न खगोलगणिताचा आहे. ग्रहाच्या भगणांचा उरलेला अंश माहीत आहे, तर कल्पिलेल्या आरंभापासून किती दिवस लोटले, हे त्यातून काढायचे असते.

त्या दोन आर्या केवळ वाचून कोणाला गणित करता येईल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांत क्रियापदे थोडी आहेत आणि गृहीत धरलेले पुष्कळ आहे. त्यांचा उलगडा होतो तो पहिल्या भास्कराच्या इ.स. ६२९ च्या भाष्यात. हे भाष्य कृपाशंकर शुक्ल यांनी १९७६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. भाष्यात पदे फोडली आहेत, उदाहरणे घेतली आहेत, आणि प्रक्रियेला नावही तेथेच मिळते. 'कुट्टक' किंवा 'कुट्टाकार' हे नाव आर्यभटाच्या त्या दोन आर्यांत नाही. हीच संज्ञा पुढे विषयाची ओळख बनली; पहिल्या भास्कराच्या भाष्याआधी एकच वर्ष, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'च्या बीजगणितविषयक अठराव्या अध्यायाला 'कुट्टकाध्याय' असेच नाव दिले होते.

या संज्ञेच्या अर्थाबद्दल थोडे थांबायला हवे. 'कुट्ट्' म्हणजे कुटणे. मराठीतले 'कुटणे' आणि शेंगदाण्याचे 'कूट' त्याच घराण्यातले. त्यामुळे मोठ्या संख्या कुटून बारीक करण्याची क्रिया ती कुट्टक, हे रूपक आधुनिक वाचकाला लगेच पटते आणि इंग्रजी अनुवादकांनीही तेच उचलले. पण कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, ज्याचा 'ग्रहलाघव' महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगासाठी वापरला गेला, १५४५ च्या 'बुद्धिविलासिनी' या लीलावतीवरील टीकेत वेगळे सांगितले आहे. त्याच्या मते कुट्टक म्हणजे गुणक. कारण संस्कृतात गुणाकाराला मारणे-ठोकणे या अर्थाचेच शब्द वापरण्याचा प्रघात आहे. हनन, घात हे शब्द तसेच आहेत; आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'घातांक' त्याच प्रघाताचा अवशेष होय. म्हणजे परंपरेतील एका मातब्बर टीकाकाराच्या दृष्टीने कुट्टक हे शोधायच्या संख्येचे नाव आहे, कृतीचे चित्र नव्हे. रूपक जितके देखणे तितके ते वाचकाने स्वतः घडवले असण्याची शक्यता अधिक, हे भान काव्य वाचताना आपण ठेवतो. शास्त्र वाचतानाही ते ठेवावे लागते.

आर्यभटाच्या नियमात आणखी एक शब्द आहे, 'मति'. परस्परभाजन चालू असताना बाक्या पुरेशा लहान झाल्या की तेथे थांबावे आणि जुळणारी एक संख्या मतीने, म्हणजे स्वतःच्या बुद्धीने, निवडावी. नियमाच्या ऐन मध्यावर करणाऱ्याच्या अकलेसाठी जागा राखून ठेवलेली आहे. पुढे बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ती जागा बंद केली. बाकी एक उरेपर्यंत भागत जा, असे ते सांगतात, आणि मग निवडायला काही उरतच नाही. सहा शतकांत नियम अधिक पूर्ण झाला, तसा करणारा अधिक निमूट झाला. याला प्रगती म्हणायचे की नुकसान, हे वाचकाने आपल्या मतीने ठरवावे.

४

हे सारे कोणत्या आकड्यांवर चालत असे, ते पाहिल्याशिवाय मसाविचे मोल कळत नाही. आर्यभटाच्या मते एका महायुगाची वर्षे ४३,२०,००० आणि दिवस १,५७,७९,१७,५००. या दोन संख्यांचे परस्परभाजन करून पाहू. दिवसांना वर्षांनी भागले की भागाकार येतो ३६५ आणि बाकी ११,१७,५००. पुढचे भागाकार अनुक्रमे ३, १, ६, २, ४ आणि २. बाक्या ९,६७,५००, मग १,५०,०००, ६७,५००, १५,०००, ७,५००, आणि शेवटी शून्य. सात भागाकारांत काम संपते. मसावि ७,५००.

त्या संख्येने दोन्हींना भागले की उरतात ५७६ वर्षे आणि २,१०,३८९ दिवस. पहिल्या भास्कराच्या गणितात याच संक्षिप्त संख्या वावरतात. पुराणांनी ज्या महायुगाच्या विस्ताराने श्रोत्याला दिपवले, त्याच महायुगात सूर्य आणि दिवस यांचे नाते ५७६ वर्षांनी पुन्हा जसेच्या तसे येते; बाकी सारी आवर्तने आहेत. महायुगाची प्रचंडता ज्योतिष्याने नाकारली नाही, तिच्याविरुद्ध तो बोललाही नाही. त्याने फक्त संक्षेप दिला. शिवाय पहिलाच भागाकार ३६५ यावा, म्हणजे परस्परभाजनाच्या पहिल्या पायरीवरच वर्षाचे दिवस समोर यावेत, आणि पुढच्या पायऱ्यांवर उरलेल्या पाव दिवसाहून किंचित अधिक अशा भागाचा हिशेब लागत जावा, यात प्रक्रियेचे खरे सौंदर्य आहे असे आम्हाला वाटते.

५

भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तीत परस्परभाजनाला स्पष्ट व्याख्येची जागा मिळते: दोन संख्यांच्या परस्परभाजनात जो अखेरचा शेष, ते त्यांचे 'अपवर्तन', अपवर्तनाने भागून आलेल्या भाज्य आणि हार या संख्या 'दृढ'. आज मराठीत अपवर्तन म्हटले की पाण्यात वाकडी दिसणारी काठी आठवते, कारण भौतिकशास्त्राने तो शब्द प्रकाशासाठी घेतला आहे. लीलावतीत अपवर्तन म्हणजे दोन संख्यांतला समान भाग काढून टाकणे, आणि काढून टाकल्यावर जे उरते ते दृढ. ज्यातून आता काहीच समान काढता येत नाही ते दृढ, ही संज्ञा 'सहमूळ'पेक्षा कितीतरी बोलकी आहे.

लीलावतीतले एक उदाहरण पाहू. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? प्रथम अपवर्तन. २२१ ला १९५ ने भागता बाकी २६. १९५ ला २६ ने भागता बाकी १३. २६ ला १३ ने भाग निःशेष. अपवर्तन १३. त्याने तिन्ही संख्यांना भागले की १७, ५ आणि १५. आता १७ आणि १५ यांचे परस्परभाजन: भागाकार १, बाकी २, मग भागाकार ७, बाकी १. हे भागाकार एकाखाली एक मांडून त्यांखाली क्षेप ५ आणि शेवटी शून्य लिहायचे. या उभ्या ओळीला 'वल्ली' म्हणतात. बोली मराठीतली 'वल्ली' असामी येथे मनात आणू नये, ही वेल आहे. वेल खालून वर चढते: ७ गुणिले ५ अधिक ० म्हणजे ३५, १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. पस्तिसातून १५ चे गट काढले की ५ उरतात, चाळिसातून १७ चे गट काढले की ६. गुणक ५, लब्धी ६. पडताळा घ्यावा: २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, त्यात ६५ मिळवले की ११७०, आणि १९५ च्या सहापट ११७० च.

परंतु आमच्या दृष्टीने या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वचन उत्तराबद्दल नाही, प्रश्नाबद्दल आहे. भाज्य आणि हार यांना जी संख्या भागते तिने क्षेपाला भाग जात नसेल, तर प्रश्नच 'दुष्ट' आहे, असे भास्कराचार्य सांगतात. वरच्या उदाहरणात ६५ ऐवजी ६४ घ्या. २२१ ची कोणतीही पट तेराने भागली जाणार, १९५ ही तेराने भागली जाणार, आणि ६४ तेवढी भागली जाणार नाही. तेव्हा उत्तर असणे शक्यच नाही. शिष्य कितीही हुशार असो, खटपट कितीही करो. मसाविचे काम येथे उत्तर शोधण्याआधी सुरू होते: प्रश्न विचारण्याजोगा आहे की नाही, हे तो ठरवतो. शाळेत मसावि शिकवताना नेमके हेच काम गळून पडते आणि मुलांच्या हाती येते ती अवयव पाडण्याची निरुद्देश कसरत.

६

आता मूळ कोणाचे, हा वाद. तो टाळता येणार नाही. १९१५ च्या आपल्या 'भारतीय गणित' या विषयावरील पुस्तकात जी. आर. केई यांनी भारतीय गणितावर ग्रीक प्रभाव असल्याची बाजू मांडली. विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह यांनी १९३५ व १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या दोन भागांत भारतीय ग्रंथांचा पुरावा सविस्तर उभा केला. परस्परभाजनाची कृती ग्रीकांत आधी लिहिलेली सापडते, यात शंका नाही. पण भागाकारांची वेल मांडून तीवरून उलट चढत पूर्णांकी उत्तर मिळवायचे, हा कुट्टकाचा गाभा यूक्लिडमध्ये नाही. आणि ज्या डायोफँटसचे नाव अशा वेळी घेतले जाते, तो अपूर्णांकी उत्तरांवर समाधानी असे. उलट, यूक्लिडने दिलेली सिद्धताही आर्यभटाच्या आर्यांत नाही. 'पहिले कोण' या प्रश्नात अभिमानाची सोय होते, वाचन मात्र होत नाही. वरची भाषा वापरायची तर समान भाग काढून टाकला की दोन्ही परंपरांत जे उरते ते दृढ आहे, आणि वाचायचे ते तेवढेच.

या दोन परंपरा संस्कृतात समोरासमोर आल्या त्या अठराव्या शतकात. सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने यूक्लिडचे पंधरा खंड अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणले. म्हणजे ज्या भाषेत कुट्टक बाराशे वर्षे चालत आला होता, तिच्यात यूक्लिडचे 'माप' त्यानंतर आले. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये गाब्रिएल लामे याने या प्रक्रियेला फार तर किती पायऱ्या लागतील ते सिद्ध केले: लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटींहून अधिक नाही. महायुगाच्या उदाहरणात ही मर्यादा ३५ येते. आपले काम सातांत झाले. आज संगणकावरील गुप्तलेखनातही हीच प्रक्रिया वल्लीसह चालते, इतके नोंदवून पुढे जाऊ.

७

चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख आढळला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो ज्ञानदेवांच्या 'चांगदेव पासष्टी'तला चांगदेव नव्हे, तो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने मठ उभारला, आणि शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७ मध्ये, त्या मठाला दान मिळाले. लेखाचा बराच भाग संस्कृत पद्यात आहे. पण कोणाकडून काय आणि किती मिळावे, हा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. विद्येची स्तुती संस्कृतात, तिच्या पोटापाण्याची तजवीज मराठीत. त्या मराठी ओळी आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखनापैकी आहेत, आणि त्या ज्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी कोरल्या गेल्या त्यांत कुट्टक शिकवला आहे.

मराठीच्या वर्गांत शिलालेख भाषेचा नमुना म्हणून अभ्यासले जातात आणि लीलावतीतून बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते, भास्कराचार्यांच्या मुलीच्या हुकलेल्या मुहूर्ताची. ही गोष्ट १५८७ मध्ये फैजीने केलेल्या फारसी अनुवादातून प्रचारात आली. ती सांगायला हरकत नाही. पण शिलालेखाची भाषा एका तासाला, मसावि दुसऱ्या तासाला आणि टीकाग्रंथांची परंपरा तिसऱ्याच विभागात, अशी वाटणी आपण केल्यामुळे या सर्वांना जोडणारे समान माप कोणाच्याच हाती लागत नाही. पाटणच्या मठात तशी वाटणी करण्याचे कारण कोणाला दिसले नसते. निदान पद्यबद्ध शास्त्रग्रंथ आणि त्यावरील टीका यांचे एखादे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने ओळीओळीने वाचावे, अशी आमची सूचना आहे. आणि आरंभ करायला लीलावतीतले कुट्टकाचे प्रकरण, गणेश दैवज्ञाच्या टीकेसह, पुरेसे आहे.